मरियेचें माहेर

मुंबई उपनगरांतील वांद्र्याच्या टेकडीवर मरियेचें जें देवालय आहे, त्याला इंग्रजी शिकलेले लोक 'माउंट मेरी' म्हणतात. कोळीवाड्यांतील जुन्या माणसांच्या तोंडीं मात्र 'मोत माउली' हेंच नांव आहे. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस मानला जातो, आणि त्यानंतरच्या रविवारापासून आठवडाभर तेथें जत्रा भरते. मेणबत्त्या, मेणाचीं घरें, मेणाचीं बाळें, मेणाचे हातपाय असे नवस वाहिले जातात. वाहणारांत ख्रिस्ती असतात, तसेच हिंदू, पारशी व मुसलमानही असतात. मूल व्हावें, दुखणें बरें व्हावें, राहावयास जागा मिळावी, अशीं संसाराचीं नेहमींचीं मागणीं त्या माउलीपुढें बोललीं जातात.

माउलीजवळ सारें कांहीं मागितलें जातें. पण तिचें माहेर कोणतें, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येतो. उत्तर सोपें आहे. मरिया ही गालील प्रांतांतील नाझरेथ गांवची ज्यू मुलगी. तिचें नांव मूळ हिब्रू भाषेंतील मिर्याम. मोशेच्या बहिणीचें जें नांव, तेंच. तिच्या मुलाची सुंता आठव्या दिवशीं झाली. शुद्धीचे दिवस भरल्यावर ती त्याला घेऊन यरुशलेमच्या मंदिरांत गेली आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें तिनें पक्ष्यांच्या जोडीचें अर्पण केलें, हें लूकच्या शुभवर्तमानांतच नमूद आहे. तिच्या मुखीं जें स्तोत्र घातलें आहे, तें तिच्या शेंकडों वर्षें आधीं होऊन गेलेल्या हन्ना नांवाच्या ज्यू स्त्रीच्या स्तोत्राच्या वळणावर रचलेलें आहे. मरियेनें माहेर टाकलें नव्हतें. ती त्या घरांत जन्मली, त्या घरांत वाढली, आणि त्याच घरच्या रीतींनीं तिनें आपलें मूल वाढविलें.

हें येथें सांगण्याचें कारण असें कीं, गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत स्त्रीच्या मुक्तीसाठीं धर्मग्रंथांचें नव्यानें वाचन करणाऱ्या कित्येक विदुषींनीं मरियेच्या मुलाचा गौरव केला, आणि तो गौरव अधिक उजळ दिसावा म्हणून मरियेच्या माहेराला काळिमा फांसला. लेकीला डोक्यावर घ्यावयाचें आणि तिच्या माहेराचा उद्धार करावयाचा, हा प्रकार मराठी घरांना अगदींच अपरिचित नाहीं. पण येथें प्रश्न एका सुनेच्या अश्रूंचा नसून एका सबंध समाजाच्या अब्रूचा, आणि इतिहासाचा दाखला पाहतां त्याच्या जिवाचाही आहे.

हा वाद अमेरिकेंतील व जर्मनींतील विद्यापीठांचा. त्याचें मराठी माणसाला काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर मिळतें. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याला फुटलें आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. त्यांनीं तेल गाळण्याचा धंदा पत्करला. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणूं लागले. गांवांवरून किहीमकर, दिवेकर, पेणकर अशीं त्यांचीं आडनांवें पडलीं. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. देवाच्या कथा ते मराठी कीर्तनांतून सांगूं लागले. १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान बांधलें. १९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य लोक इस्राएल देशांत जाऊन राहिले, तरी तेथेंही 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं काढलें. आपण ज्यू आहों म्हणून शेजाऱ्यांनीं आपला छळ केला, अशी आठवण हा समाज सांगत नाहीं. महाराष्ट्राला हें भूषणावह आहे.

पण याच किनाऱ्यावर दुसरीही एक हकीकत घडली आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य ज्यू कुळांत जन्मलेला व बाह्यतः ख्रिस्ती झालेला होता. हिंदुस्थानांतील औषधींवरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला. मुंबईचें बेट कांहीं काळ त्याच्याकडे खंडानें होतें. त्याची बहीण कातारिना हिला, गुप्तपणें ज्यू धर्म पाळते या आरोपावरून, गोव्याच्या धर्मन्यायासनानें १५६९ मध्यें जाळून मारलें. भाऊ त्यापूर्वींच वारला होता. १५८० मध्यें त्याचीं हाडें उकरून तींही जाळण्यांत आलीं. वांद्रे त्या काळीं पोर्तुगीज अमलाखालींच होतें. येथल्या मातींत ज्यूंचा द्वेष उगवला नाहीं हें खरें. पण तो बाहेरून गलबतांतून येथें उतरला होता. आणि तिरस्कार जसा गलबतांतून येतो तसा तो ग्रंथांतूनही येतो, हें सुशिक्षित घरांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

ज्या ग्रंथांविषयीं येथें बोलावयाचें आहे, त्यांच्या लेखिकांचा हेतु वाईट नव्हता, हेंही आधींच सांगितलें पाहिजे. ख्रिस्ती चर्चनें शतकानुशतकें स्त्रीला व्यासपीठापासून दूर ठेवलें, आणि त्यासाठीं आधार पवित्र शास्त्राचा दिला. तो आधार तपासून पाहण्याचें धैर्य ज्या स्त्रियांनीं दाखविलें, त्यांचें ऋण साऱ्या जगावर आहे. एलिझाबेथ केडी स्टॅंटन ही अमेरिकेंतील स्त्रीमताधिकाराच्या चळवळीची एक जननी. तिनें आपल्या मैत्रिणींच्या साह्यानें बायबलांतील स्त्रीविषयक भागांवर टीका लिहून ती 'स्त्रियांचें बायबल' या अर्थाच्या नांवानें १८९५ व १८९८ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केली. पण स्त्रीला दुय्यम मानणारीं मतें कोठून आलीं, हा प्रश्न निघाला कीं तिचें बोट एकाच दिशेला वळे. १८८५ सालीं तिच्या पुढाकारानें स्त्रियांच्या परिषदेपुढें जो ठराव आला, त्यांत स्त्रीच्या हीनत्वाची शिकवण ज्यू धर्मापासून निघालेल्या पंथांच्या माथीं मारली होती. पुढें १८९६ मध्यें मताधिकार संस्थेनें तिच्या पुस्तकाशीं आपला संबंध नाहीं असें जाहीर केलें. परंतु त्याचें कारण ज्यूंवरील अन्याय हें नव्हतें. पुस्तकानें ख्रिस्ती श्रद्धा दुखावली, एवढीच संस्थेची तक्रार होती.

स्टॅंटनबाईंचा रोख सर्वच धर्मसंस्थांवर होता. त्यांच्यानंतर पाऊण शतकानें जी नवी पिढी आली, तिला ख्रिस्ती धर्म सोडावयाचा नव्हता, तर सुधारावयाचा होता; आणि दोष अधिक ठळकपणें ज्यूंच्या पदरांत पडला तो येथें. १९७१ सालीं लेनर्ड स्विड्लर या कॅथलिक पंडितानें येशू हा स्त्रीवादी होता अशा अर्थाचा एक निबंध लिहिला. तो फार गाजला, आणि त्यांतील युक्तिवाद पुढें अनेक लेखिकांनीं उचलला. युक्तिवाद थोडक्यांत असा: त्या काळच्या ज्यू समाजांत स्त्रीला कवडीचीही किंमत नव्हती, तिला शिकण्याचा हक्क नव्हता, चारचौघांत बोलण्याची मोकळीक नव्हती, अशा काळोखांत येशूनें स्त्रियांशीं संवाद केला, त्यांना शिष्या मानलें, म्हणून तो आपल्या समाजाविरुद्ध बंड करणारा स्त्रीमुक्तीचा पहिला प्रवक्ता ठरतो. मग पुढें चर्चनें स्त्रीला दडपलें तें कां? तर म्हणे, जुना ज्यू संस्कार पुन्हां डोकें वर काढूं लागला. संत पौलाच्या पत्रांत उदार वचन आलें कीं तो ख्रिस्ताचा प्रकाश, आणि स्त्रीनें गप्प बसावें असें वचन आलें कीं ती त्याची ज्यू गुरूंकडील शिकवण! अशा वांटणींत एका बाजूला सर्व जमा आणि दुसऱ्या बाजूला सर्व खर्च पडतो.

या हिशेबांतील चूक १९७८ सालीं ज्यूडिथ प्लास्को या ज्यू विदुषीनें दाखवून दिली. ती स्वतः स्त्रीमुक्तीच्या चळवळींतील. म्हणजे टीका घरच्याच माणसाची होती. येशूचें वर्तन ज्यांच्याशीं ताडून पाहिलें जातें, तीं ज्यू धर्मगुरूंचीं वचनें बहुतेक मागाहूनचीं आहेत. मिश्ना हा ग्रंथ इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झाला. बाबिलोनचा तालमूद त्यानंतर कित्येक शतकांनीं पुरा झाला. त्यांतील वचनें येशूच्या काळावर लादणें म्हणजे पेशवाईच्या शेवटच्या दिवसांतील कागद पुढें करून शिवशाहीचा न्याय करण्यासारखें आहे. शिवाय एका बाजूला एका पुरुषाच्या वर्तनाच्या गोष्टी, आणि दुसऱ्या बाजूला कायदेपंडितांची चर्चा. हीं दोन निरनिराळ्या जातींचीं साधनें आहेत. तालमूदाच्या पंडितांशीं तुलना करावयाचीच असेल तर ती त्यांच्या समकालीन ख्रिस्ती धर्माचार्यांशीं करावी. आणि मग टर्टुलियनसारखे आचार्य हव्वेच्या अपराधाचा भार प्रत्येक स्त्रीच्या शिरावर कसा ठेवतात, तेंही वाचावें. एका घरचें सणाचें ताट आणि दुसऱ्या घरचें शिळें अन्न शेजारीं मांडून कोणत्या घरचा स्वयंपाक चांगला, हें ठरवीत नाहींत.

वचनांची निवड कशी होते, याचें एक उदाहरण पुरेसें आहे. मुलीला धर्मशास्त्र शिकवूं नये असें रब्बी एलिएझर याचें मत मिश्नेंत आहे, आणि तें या पुस्तकांतून वारंवार भेटतें. पण मिश्नेंत त्याच ठिकाणीं, त्या मताच्या लगत आधींच, बेन अझ्झाई याचें मत दिलेलें आहे: बापानें मुलीला धर्मशास्त्र शिकविलेंच पाहिजे. मिश्ना हा वादांचा ग्रंथ आहे. त्यांत दोन्ही पक्ष नोंदलेले असतात. त्यांतील एकच पक्ष उचलून तो सबंध समाजाचा कायदा म्हणून सांगणें, हा वकिलीचा डाव झाला. न्यायाधीशाचें काम तें नव्हे.

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? पहिला साक्षीदार शुभवर्तमानच आहे. मग्दालाची मरिया, योहान्ना, सुसान्ना या स्त्रिया येशूबरोबर गांवोगांव हिंडत आणि आपल्या पैशानें त्या मंडळींचा खर्च चालवीत, असें लूक लिहितो. त्यांच्या हातीं पैसा होता, पायांना मोकळीक होती. आणि त्या साऱ्या ज्यू होत्या. मार्था स्वतःच्या घरीं पाहुण्यांना बोलावते. हन्ना नांवाची वृद्ध संदेष्ट्री मंदिरांत सर्वांदेखत बोलते. बारा वर्षें रक्तस्राव सोसणाऱ्या स्त्रीची कथा सांगतांना, ज्यू नियमानें तिला घराबाहेर पडण्याचीही बंदी होती, असें प्रवचनांतून सांगितलें जातें. पण नियमशास्त्रांत तशी बंदी नाहीं, आणि गर्दींतील कोणी तिला अशुद्ध म्हणून हांकलल्याचें कथेंतही नाहीं. एमी-जिल लेव्हाइन या ज्यू अभ्यासिकेनें, ख्रिस्ती शास्त्राचीच अध्यापिका असल्यामुळें, अशा अनेक कल्पित बंद्यांचा समाचार घेतला आहे.

दुसरे साक्षीदार दगड आहेत. बर्नाडेट ब्रूटन या विदुषीनें १९८२ सालीं ग्रीक व लॅटिन भाषांतील १९ प्राचीन शिलालेख एकत्र करून प्रसिद्ध केले. त्यांत ज्यू स्त्रियांना सभास्थानाची प्रमुख, सभास्थानाची माता, वडील मंडळींतील एक, अशा पदव्या दिलेल्या आहेत. स्मर्ना शहराची रुफिना ही त्यांतलीच एक. ती सभास्थानाची प्रमुख होती, आणि आपल्या पदरच्या मुक्त केलेल्या दासांसाठीं तिनें थडगें बांधविलें. तिसरा साक्षीदार तर एक कातडी थैलीच आहे. १९६१ सालीं मृत समुद्राजवळच्या एका गुहेंत यिगाएल यादिन यांना बाबाथा नांवाच्या ज्यू स्त्रीचें दप्तर सांपडलें. इसवी सन ९४ ते १३२ पर्यंतचे ३५ कागद तिनें नीट बांधून ठेवले होते. खजुराच्या बागांचीं खतें, लग्नाचा करार, आणि आपल्या पोरक्या मुलाचे पालक पुरेसा खर्च देत नाहींत म्हणून तिनें चालविलेल्या फिर्यादीचे कागद त्यांत आहेत. तिला अक्षर येत नव्हतें, पण हक्क कळत होता. ही बाई कोणा सुधारकाची वाट पाहत बसली नव्हती.

याचा अर्थ त्या समाजांत स्त्रीपुरुषांची समता होती असा नाहीं. तशी ती त्या काळीं रोमांत नव्हती, अथेन्सांत नव्हती, आणि हिंदुस्थानांतही नव्हती. म्हणणें एवढेंच कीं, काळोख सर्वत्र होता तेवढाच तेथें होता, आणि उजेडाच्या ज्या तिरिपी होत्या त्याही तेथल्याच होत्या. येशूचा स्त्रियांविषयींचा जिव्हाळा हें त्याच्या ज्यूपणाचेंच एक फळ असूं शकतें, ही साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत आली नाहीं.

ख्रिस्ती धर्म सोडून गेलेल्या लेखिकांनीं तरी हा आरोप मागें ठेवला असेल असें वाटेल. पण त्यांनीं तो दुसऱ्या रूपानें बरोबर नेला. १९७६ सालीं मर्लिन स्टोन या शिल्पकार स्त्रीनें एक ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें कीं, प्राचीन जगांत आदिमातेची पूजा चालत होती, आणि तिचा उच्छेद करण्यांत हिब्रू लोकांचा, विशेषतः त्यांच्या लेवी पुरोहितांचा, मोठा हात होता. याच सुमाराच्या अनेक लिखाणांतून तें अधिक सोपें होऊन पसरलें: देवीला ज्यूंनीं मारलें आणि पुरुषसत्ता ज्यूंनीं आणली. हा सूर ऐकून ज्यू स्त्रियांच्या अंगावर कांटा उभा राहिला, कारण त्याची चाल ओळखीची होती. ज्यूंनीं देवाच्या पुत्राला मारलें, या आरोपाखालीं युरोपांत शतकानुशतकें त्यांचें रक्त सांडलें होतें. तो आरोप सबंध समाजावर ठेवूं नये असें कॅथलिक चर्चनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं व्हॅटिकन परिषदेंत जाहीर केलें, आणि पुरतीं पंधरा वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच पुत्राच्या जागीं देवी आली. 'लिलिथ' या ज्यू स्त्रियांच्या नियतकालिकानें १९८० सालीं याविरुद्ध स्पष्ट शब्दांत लिखाण प्रसिद्ध केलें.

इतिहास पाहतां हा आरोप टिकत नाहीं. हम्मुराबीचा कायदा इसवी सनापूर्वीं १८ व्या शतकांतला. इस्राएलचें राज्य त्यानंतर कित्येक शतकांनीं स्थापन झालें. तो कायदा करणारे इश्तार देवीची पूजा करीत, आणि तरीही बायको ही नवऱ्याच्या ताब्यांतली वस्तु मानीत. अथेन्स नगरीचें नांवच एका देवीशीं जडलेलें. तेथील कुलीन स्त्रिया मात्र घराच्या आंतल्या भागांत राहत. मराठी माणसाला तर यासाठीं इतकें दूर जाण्याचीही गरज नाहीं. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर आणि सप्तशृंगी हीं देवीचीं पीठें ज्या भूमींत गाजतीं जागतीं आहेत, त्याच भूमींत बालविधवांचें केशवपन होत होतें, आणि त्यांच्या आडमार्गीं जन्मणाऱ्या मुलांसाठीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या-प्रतिबंधक गृह काढावें लागलें. देव्हाऱ्यांत देवी असली म्हणजे माजघरांतली बाई मोकळी होते असें नाहीं. मग देवीचा देव्हारा मोडला म्हणून बाई बांधली गेली, हें तरी कसें म्हणावें?

ही चर्चा केवळ पंडितांची नाहीं, हें जर्मनीच्या इतिहासानें दाखविलें आहे. १९३९ सालीं, हिटलरच्या राजवटींत, आयझेनाख येथें कांहीं प्रॉटेस्टंट धर्मपंडितांनीं एक संस्था काढली. ख्रिस्ती धर्मांतून ज्यूंची खूण न् खूण काढून टाकणें हें तिचें काम. पुढच्याच वर्षीं तिनें तसा 'शुद्ध' केलेला नवा करारही छापला. सुझॅना हेशेल या विदुषीनें २००८ सालीं या संस्थेचा सविस्तर इतिहास लिहिला. मुलाला आईच्या कुळापासून तोडण्याचें हें काम पुस्तकांत चाललें होतें, त्याच वर्षांत त्या कुळांतील साठ लाख माणसें मारलीं गेलीं. पुढच्या स्त्रीवादी लेखिकांचा नाझींशीं कांहीं संबंध नव्हता. त्यांतील बहुतेकींना तसें म्हटलेलें ऐकूनही दुःख झालें असतें. परंतु येशूला त्याच्या लोकांचा शत्रु म्हणून रंगविण्याची जी संवय युरोपला जडली होती, तीच त्यांच्याही लेखणीला नकळत लागली. या संवयीचा पहिला विस्तृत ग्रंथ एका जर्मन स्त्रीनेंच लिहिला. काटारीना फॉन केलेनबाख हिनें १९९४ सालीं स्त्रीवादी धार्मिक लिखाणांतील ज्यूविरोध हाच विषय घेऊन अमेरिकेंतील व जर्मनींतील पुस्तकें तपासलीं, आणि हा दोष एकदोघींचा नसून विचाराच्या घडणींतच भिनलेला आहे असें दाखवून दिलें.

याच संशोधिकेच्या हातीं, बर्लिनची भिंत पडल्यानंतर, पूर्व बर्लिनच्या दप्तरखान्यांत रेगिना योनास हिचे कागद लागले. १९३० सालीं या ज्यू तरुणीनें स्त्रीला रब्बी होतां येईल काय, या प्रश्नावर प्रबंध लिहिला, आणि ज्यू धर्मशास्त्राच्याच आधारें 'होय' असें उत्तर दिलें. १९३५ च्या डिसेंबरांत तिला रब्बीची दीक्षा मिळाली. तो मान मिळालेली ती जगांतील पहिली स्त्री. १९४४ मध्यें आउशवित्झ येथें तिला ठार मारण्यांत आलें. तिचें नांव जवळजवळ अर्धें शतक विसरलें गेलें, आणि त्याच काळांत, ज्यू धर्मांत स्त्रीला आवाजच नाहीं, असें सांगणारीं पुस्तकें हातोहात खपत होतीं.

ज्यू धर्मांत स्त्रीवर अन्याय नाहीं असें कोणीही म्हणत नाहीं. ज्यू स्त्रिया तर मुळींच म्हणत नाहींत. नवऱ्यानें सोडचिठ्ठी न दिल्यास अडकून पडणारी पत्नी, स्त्री न केल्याबद्दल देवाचे आभार मानणारी पुरुषांची प्रातःप्रार्थना, सभास्थानांतील बायकांचा वेगळा सज्जा, या गोष्टींवर त्यांनींच सर्वांत कठोर टीका केली आहे. प्लास्को हिनें १९९० सालीं याच विषयावर ग्रंथ लिहिला. पण घरच्या माणसानें घर झाडणें वेगळें, आणि परक्यानें स्वतःचा केर तेथें नेऊन टाकणें वेगळें. या पुस्तकांनीं ज्यू स्त्रीला मोठ्या पेंचांत टाकलें. तिला जणूं सांगण्यांत आलें कीं, तूं स्त्री म्हणून ताठ उभी राहावयाची असशील तर ज्यू म्हणून मान खालीं घाल.

असा पेंच न मानतां काम करून गेलेली एक स्त्री मुंबईनें पाहिली आहे. डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म १८९० चा; आडनांव अलिबाग तालुक्यांतील झिराड गांवावरून आलेलें. त्यांनीं मुंबईंत वैद्यकाचें शिक्षण घेतलें, लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी १९१९ मध्यें मिळविली, आणि कामा हॉस्पिटलाची धुरा १९४७ पर्यंत सांभाळली. त्यांच्या देखरेखीखालीं मुंबईच्या सर्व जातींच्या स्त्रिया बाळंत झाल्या. १९६६ मध्यें त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. त्यांच्या चरित्रांतील दुसरा भाग कमी लोकांना ठाऊक असतो. लंडनमध्यें लिली माँटेग्यू या ज्यू स्त्रीच्या पुढाकारानें १९०२ सालीं 'ज्यूइश रिलिजस युनियन' ही उदारमतवादी संस्था निघाली होती. तिचा परिचय घेऊन परतलेल्या झिराडबाईंनीं १९२५ मध्यें त्याच नांवाची संस्था मुंबईंत उभी करण्यांत पुढाकार घेतला. एका मराठी बोलणाऱ्या ज्यू डॉक्टरणीनें धर्माची सुधारणा धर्माच्या आंत राहून हातीं घेतली. बाहेरच्या कोणी आपल्याला सोडवावें अशी तिची अपेक्षा नव्हती, आणि स्वतःला सोडविण्यासाठीं दुसऱ्या कोणाला दूषण देण्याची गरजही तिला भासली नाहीं.

हा आरसा मराठी वाचकानें स्वतःसमोरही धरावा. १९२७ सालीं कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईनें 'मदर इंडिया' लिहून हिंदु स्त्रीचें दुःख जगापुढें अशा रीतीनें मांडलें कीं गोऱ्यांची सत्ता हा तिला उपकार वाटावा. बालविवाह खरे होते, सूतिकागृहांतील हाल खरे होते. पण खऱ्या गोष्टी खोट्या हेतूनें एकत्र केल्या कीं त्यांचें असत्य होतें, हें हिंदुस्थानाला तेव्हां पुरतें कळलें. मात्र आपलेंही लिखाण या दोषापासून मुक्त नाहीं. पडदा आणि बालविवाह हे केवळ मुसलमानी स्वाऱ्यांमुळें आले, असें घरोघर सांगितलें जातें. वास्तविक मुलीचें लग्न लहानपणीं उरकावें असें सांगणाऱ्या स्मृति त्या स्वाऱ्यांच्या कितीतरी आधींच्या आहेत. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर हे थोर इतिहासकार. हिंदु संस्कृतींतील स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा १९३८ चा इंग्रजी ग्रंथ आजही वाचला जातो. पण वैदिक काळच्या चांगल्या स्थितीला उतार कां लागला, याचें मोठें कारण म्हणून त्यांनीं बोट दाखविलें तें आर्यांच्या घरांत आलेल्या, संस्कृत न जाणणाऱ्या अनार्य पत्नीकडे. उमा चक्रवर्ती यांनीं १९८९ सालीं यावर नेमका प्रश्न विचारला: या साऱ्या सुवर्णयुगांत दासीचें काय झालें? हिब्रू लोकांनीं देवी मारली म्हणणें आणि अनार्य बायकोनें घर बुडविलें म्हणणें, या दोहोंचा सांचा एकच आहे. आपल्या घरांतील अन्यायाचें मूळ बाहेरून आलेल्या कोणांत तरी शोधावयाचें, आणि तें सांपडलें कीं सुटल्याचा निःश्वास टाकावयाचा.

या टीकेचा उपयोग झाला, हें समाधानाचें आहे. एलिझाबेथ श्युस्लर फियोरेंझा हिनें १९८३ च्या आपल्या ग्रंथांत येशूची चळवळ ही ज्यू समाजाच्या आंतील नवजागृतीची चळवळ होती असें मांडलें, आणि तिच्या मागून येणाऱ्या अनेकींनीं ती दिशा धरली. ज्यू आणि ख्रिस्ती विदुषी एकत्र बसून एकमेकींचे ग्रंथ तपासूं लागल्या. मूळ ग्रंथापर्यंत जाण्याचे कष्ट घेतले म्हणजे पुष्कळ पूर्वग्रह आपोआप गळतात. महाराष्ट्राला तर या कष्टांचा घरचा धडा आहे: पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठींत आणण्याचें काम हातीं घेतलें, १९२२ सालीं त्यांचें निधन झालें, आणि १९२४ सालीं तें भाषांतर केडगांवच्या मुक्तिसदनांतून बाहेर पडलें.

घरांतल्या मुलींच्या हातीं आज अशीं पुस्तकें येणारच, आणि तीं यावींत. स्त्रीनें धर्माला जाब विचारणें हें धर्माच्याही हिताचें आहे. पण तीं वाचतांना एक प्रश्न विचारण्याची संवय त्यांना लावावी: ज्या बाईच्या दुःखाचें हें वर्णन आहे, तिला स्वतःला येथें बोलूं दिलें आहे काय? बाबाथाचे कागद, रुफिनाचा शिलालेख, योनासचा प्रबंध, झिराडबाईंचें कार्य हीं त्या प्रश्नाचीं उत्तरें होत. तीं ऐकून घेतलीं तर स्त्रीमुक्तीचा पक्ष दुबळा होत नाहीं. त्याला आणखी चार साक्षीदार मिळतात.